उद्योगमहर्षी कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : माल आधी की गिऱ्हाईक आधी?



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. संतांची, समाजसुधारकांची आणि देशभक्तांची चरित्रे ह्या पानांवर पुष्कळ येऊन गेली. यंदा प्रस्तुत लेखकाने एका कारखानदाराचे चरित्र निवडले आहे. आपल्या वाशीम जिल्ह्यातील अनेक कुटुंबांतील मुले आता नोकरीची वाट न पाहता स्वतःचा धंदा काढू लागली आहेत. कोणी डाळ मिल घालतो, कोणी हळद दळून पुड्या भरतो, कोणी शेतीची अवजारे बनवितो. ही गोष्ट अभिमानाची खरी, परंतु ह्या मुलांपैकी बहुतेकांना एकाच प्रश्नाने ग्रासलेले मी पाहतो. माल तयार झाला, आता तो घेणार कोण? हा प्रश्न कोणत्या दिवशी मनात यावयास हवा, हे ज्यांच्या आयुष्यातून उत्तम रीतीने शिकता येते, असे पुरुष म्हणजे कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर होत. त्यांचे स्मरण करण्यास माझ्यापाशी एक खासगी कारणही आहे. ते लेखाच्या शेवटी सांगेन.

जन्म, शिक्षण व नोकरी

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर ह्या गावी झाला. आज हा भाग कर्नाटकात आहे, त्या काळी तो मुंबई इलाख्यात मोडत असे. लहानपणापासून पाठांतरापेक्षा हातांनी काही घडविण्याकडे आणि चित्रे काढण्याकडे त्यांचा ओढा अधिक होता. चित्रकार व्हावे ह्या इच्छेने १८८५ साली ते मुंबईस गेले आणि सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे एक दुर्दैवी गोष्ट उघडकीस आली. त्यांच्या दृष्टीस काही रंगांतील भेद ओळखता येत नसे. चित्रकाराच्या वाटेवर ह्याहून मोठा अडथळा कोणता असणार? परंतु लक्ष्मणराव खचले नाहीत. रंगांशी ज्याचा संबंध नाही असे यांत्रिक रेखाटन त्यांनी आत्मसात केले आणि त्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते शिक्षक झाले. मोकळ्या वेळी कारखान्यांतून यंत्रांची कामे करून त्यांनी आपला हात तयार केला.

पुढे बढतीच्या वेळी आपल्याला डावलले गेले, हे पाहून त्या स्वाभिमानी गृहस्थांनी नोकरीचा त्याग केला आणि ते बेळगावी परतले. मी स्वतः जन्मभर शिक्षकी केली असल्यामुळे ठरलेल्या पगाराची खुर्ची सोडणे किती कठीण असते, हे मी जाणतो.

सायकलीचा धडा

बेळगावी त्यांच्यासाठी एक धंदा आधीच उभा होता. मुंबईत एका गृहस्थास सायकलीवरून जाताना लक्ष्मणरावांनी पाहिले आणि हे वाहन लोकांना आवडेल असे त्यांच्या मनाने घेतले. १८८८ साली त्यांनी व त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी बेळगावात सायकलीचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली खरेदी करून पाठवीत आणि रामुअण्णा बेळगावात त्या विकीत. त्या काळी एका सायकलीची किंमत ७०० ते १,००० रुपये पडे. ती घेणारा मनुष्य सरकारी अधिकारी, वकील किंवा सावकारच असावयाचा. परंतु एवढी रक्कम मोजूनही त्यावर बसावे कसे, हे त्यास कोठे ठाऊक होते? तेव्हा रामुअण्णा १५ रुपये घेऊन सायकल चालविण्यास शिकवीत.

वाचकांनी ह्या लहानशा गोष्टीकडे दुर्लक्ष करू नये. जी वस्तू लोकांनी कधी पाहिली नाही, ती नुसती दुकानात मांडून विकली जात नाही. तिचा उपयोग शिकवावा लागतो. शिकणाऱ्यास पडताना आणि सावरताना भोवती जमलेले लोक पाहत असत. त्यांतूनच उद्याचा ग्राहक तयार होत असला पाहिजे. दुकानाची खरी जाहिरात दुकानाच्या पाटीवर नव्हती, बेळगावच्या रस्त्यावर होती. आजही बेळगावात किर्लोस्कर रस्ता ह्या नावाचा रस्ता आहे.

लोखंडी नांगर

सायकली परदेशातून येत. त्यांत आपले काही नाही, हे लक्ष्मणरावांच्या कर्तृत्ववान मनास स्वस्थ बसू देईना. देश शेतकऱ्यांचा, तेव्हा शेतकऱ्याच्या उपयोगाची यंत्रे आपल्याच हातांनी बनवावीत, ह्या विचाराने त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनविले आणि त्यानंतर लोखंडी नांगर हाती घेतला.

लाकडी नांगर जमीन उकरतो, लोखंडी नांगर ती खोल फाडून पालथी घालतो. उन्हाळ्यात अशी नांगरट केली म्हणजे हरळी, कुंदा ह्यांसारख्या चिवट गवतांच्या मुळ्या वर येऊन उन्हाने करपतात. आमच्या वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत दरवर्षीचे काम वखरावर भागते, परंतु कुंदा माजला म्हणजे वखर हात टेकतो आणि नांगराची आठवण होते, हे जुन्या शेतकऱ्यांस सांगावयास नको. माझ्या आजोबांच्या गोठ्याशेजारी असाच एक लोखंडी नांगर भिंतीस टेकवून ठेवलेला असे. त्याला दोन-तीन बैलजोड्या जुंपाव्या लागत आणि एका घरी तेवढी जनावरे नसल्यामुळे शेजारी एकमेकांस सावड देत.

असा उपयुक्त नांगर तयार झाला. मग शेतकऱ्यांनी त्यावर उडी घातली काय? मुळीच नाही. लोखंडामुळे जमिनीला विष चढते आणि पीक बुडते, अशी समजूत पसरलेली होती. पहिला नांगर विकला जाण्यास लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली. दोन वर्षे! कारखान्यात भांडवल अडकलेले, कारागिरांची मजुरी द्यावयाची, आणि दारात ग्राहक नाही. ह्या काळात त्या कुटुंबाने काय सोसले असेल, ह्याची कल्पना ज्याने कर्जाने धंदा केला आहे त्यालाच येईल.

शेतकरी अडाणी होता काय?

ह्या प्रसंगी शेतकऱ्यास अडाणी म्हणून मोकळे होण्याची आपली रीत आहे. ती न्यायाची नव्हे. हीच समजूत अमेरिकेतही होती. तेथे चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या गृहस्थांनी १७९७ साली बिडाच्या नांगराचे एकस्व मिळविले, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनीही लोखंडाने जमीन नासते म्हणून तो नाकारला. त्याच देशातील सायरस मॅकॉर्मिक यांनी पीक कापण्याचे यंत्र १८३१ साली शेतात चालवून दाखविले, १८३४ साली त्याचे एकस्व घेतले, आणि तरी पहिली यंत्रे विकली जाण्यास १८४० साल उजाडले. सुधारलेल्या म्हणविणाऱ्या देशात जर नऊ वर्षे लागली, तर बेळगावच्या शेतकऱ्याने दोन वर्षे घेतली ह्यात नवल ते काय?

शिवाय विषाच्या समजुतीमागे व्यवहाराची कारणेही होती. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई आणि त्याबद्दल सुगीत बलुते घेई. लोखंडी नांगराला मात्र रोख रुपये मोजावे लागत. लाकडी नांगर मोडला तर सुतार घराशेजारी असे. बिडाचा भाग तुटला तर तो जोडणे गावच्या लोहाराच्या हातचे नव्हते. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, कारखानदाराचा प्रयोग फसला तर तो दुसरा करून पाहतो, शेतकऱ्याचा प्रयोग फसला तर त्याचे वर्ष जाते आणि घरात दाणा राहत नाही. तेव्हा तो शंका घेतो ती शहाणपणाने घेतो. ह्या शंकांचे उत्तर दुकानात बसून देता येत नाही. ते बांधावर जाऊन, नांगर प्रत्यक्ष चालवून, तुटलेला भाग बदलून मिळेल ह्याची खात्री देऊनच द्यावे लागते. शेजाऱ्याचे पीक तरारून आलेले पाहिले म्हणजे विषाची गोष्ट आपोआप मागे पडते.

येथे काळवेळेचेही एक तत्त्व आहे. नांगराची गोष्ट पेरणी झाल्यावर काढून उपयोग नाही. रब्बी निघाली, जमीन मोकळी झाली आणि मृगाला अवकाश आहे, अशा दिवसांतच शेतकऱ्याचे कान त्या गोष्टीकडे असतात. प्रत्येक मालाचा असा एक हंगाम असतो. तो चुकला म्हणजे वर्ष चुकले.

बेळगावहून माळरानावर

नांगराचा जम बसू लागला आणि दुसरे संकट उभे राहिले. बेळगावच्या नगरपालिकेस वस्तीवाढीसाठी ती जागा हवी होती, म्हणून कारखाना हलविणे भाग पडले. चालता धंदा उचलून न्यावयाचा कोठे? अशा वेळी औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्टेशनाजवळची सुमारे ३२ एकर ओसाड जमीन आणि कर्जाऊ रक्कम त्यांनी लक्ष्मणरावांस दिली. १० मार्च १९१० पासून त्या माळावर नवी वस्ती वसू लागली. जिकडे तिकडे निवडुंग आणि त्यात सापांचा सुळसुळाट, अशी ती जागा होती. तेथे लक्ष्मणरावांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपड्या घालून संसार मांडले आणि कारखान्याची भट्टी पेटविली. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे ह्यांसारखे जिवास जीव देणारे सहकारी त्यांस लाभले होते. ह्या वसाहतीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. आज सांगली जिल्ह्यात असलेली ही वसाहत म्हणजेच किर्लोस्करवाडी होय.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी अवजारे येणे बंद झाल्यामुळे देशी नांगरास मागणी वाढली. त्याच वेळी लोखंड आणि कोळसा मिळणे दुरापास्त झाले. अनेक अडचणींतून वाट काढीत कारखाना तगला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली.

मालाबरोबर वाणी

त्याच १९२० साली किर्लोस्करवाडीत आणखी एक गोष्ट घडली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले, लेखणीही चांगली असलेले तरुण होते. कारखान्याची जाहिरात त्यांच्याकडे होती. त्यांनी किर्लोस्कर खबर नावाचे पत्र सुरू केले. कारखान्यातील हालचाल, यंत्रांची माहिती आणि शेतकऱ्यांच्या उपयोगाचा मजकूर त्यात येई. नांगर शेतात जाई आणि त्यामागोमाग खबर घरात जाई. पुढे ह्या पत्राचे रूप पालटत गेले आणि त्यातून महाराष्ट्रात गाजलेले किर्लोस्कर मासिक तयार झाले. १९३० साली स्त्री आणि १९३४ साली मनोहर ही मासिकेही त्याच वाडीतून निघू लागली. नांगराच्या कारखान्याने मराठी घराघरांत वाचनाची गोडी लावली, हे ऐकून आजच्या मुलांस आश्चर्य वाटेल, परंतु ही वस्तुस्थिती आहे.

ह्याचा परिणाम काय झाला? कारखान्यातून पुढे उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाणी उपसण्याचे पंप बाहेर पडू लागले. त्या प्रत्येक मालास नांगराप्रमाणे अनोळखी म्हणून दाराबाहेर ताटकळत राहावे लागले नाही. ज्या शेतकऱ्याचा नांगराने विश्वास संपादन केला होता, त्याच्या दारी नवा माल ओळखीचा पाहुणा म्हणून गेला. पहिल्या मालास जी दोन वर्षे द्यावी लागली, ती पुढच्या मालांच्या कामी आली, असे म्हणावयास हरकत नाही.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन आले आणि पुढे हरिहर, बंगलोर, पुणे येथे मोठे कारखाने उभे राहिले. हा विस्तार डोळ्यांनी पाहून २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुणे येथे लक्ष्मणरावांनी देह ठेवला. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

लेखकाची चूक

आता सुरुवातीस म्हटलेले खासगी कारण सांगतो. सांगताना संकोच वाटतो, परंतु न सांगणे हा अपराध होईल.

काही वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील, माझ्याच वर्गात शिकलेला एक मुलगा माझ्याकडे आला. त्याच्या गावाकडे हळद चांगली पिकते. ती दळून, पुड्या भरून विकण्याचा कारखाना काढावा असे त्याच्या मनात होते. त्याने मला विचारले की, गुरुजी, आत्तापासून दुकानदारांना भेटू का, दोन-चार किलो घरीच दळून लोकांना नमुना देऊ का? मी मोठ्या अधिकाराने त्यास सांगितले की, आधी बोलणे हा उथळपणा आहे. प्रथम माल निर्दोष कर. चांगल्या मालाचा सुगंध आपोआप पसरतो. मुलगा आज्ञाधारक होता. त्याने शेत गहाण ठेवून कर्ज काढले, यंत्र बसविले, छापील पुड्या मागविल्या, वर्षभराची हळद एकदम खरेदी करून दळून ठेवली आणि मग तो दुकानांच्या पायऱ्या चढू लागला. प्रत्येक दुकानात कोणाची ना कोणाची हळद आधीच बसलेली होती. दुकानदार म्हणत, ठेवून जा, खपली तर पैसे देऊ. कोणी म्हणे पुडी मोठी आहे, कोणी म्हणे बारीक दळण हवे होते. ह्या सूचना खऱ्या होत्या, परंतु सगळी हळद दळून झाल्यावर त्यांचा उपयोग काय? दळलेल्या हळदीचा रंग आणि वास दिवसेंदिवस उतरतो. आठ-दहा महिन्यांत माल उतरला, हप्ते थकले आणि शेवटी ते यंत्र निम्म्या किमतीस विकावे लागले. शेत अजून सुटलेले नाही.

तो मुलगा आजही भेटला की वाकून नमस्कार करतो. मला दोष दिल्याचा एक शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. त्याचा तो नमस्कार स्वीकारताना माझी मान खाली जाते. न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, ह्या अर्थाची म्हण मी वर्गात कित्येकदा शिकविली होती. तिचा अर्थ मात्र मला त्या मुलाच्या नुकसानीनंतर कळला.

तात्पर्य

लक्ष्मणरावांच्या चरित्राकडे मी त्यानंतर पुन्हा वळलो आणि माझ्या उपदेशातील चूक मला दिसली. माल चांगला हवा, हे खरेच आहे. हातात काही नसताना नुसती बढाई मारणारा मनुष्य पहिल्याच भेटीत पत घालवतो आणि गेलेली पत परत येत नाही. परंतु माल चांगला आहे की नाही, हे ठरविणार कोण? घडविणारा नव्हे, वापरणारा. तेव्हा दाखविण्याजोगा पहिला नग ज्या दिवशी हाती आला, त्याच दिवशी तो घेऊन लोकांत जावे. पहिला नांगर चालू लागला म्हणजे तो शेतात न्यावा, शंभर नांगर ओतून होईपर्यंत थांबू नये. लोक हसतील, शंका घेतील, दोष काढतील. ते सर्व फुकट मिळालेले शिक्षण समजावे. शंकेचे उत्तर देण्यास लागणारा काळ कोणासही टळत नाही. लक्ष्मणरावांना तो टळला नाही, मॅकॉर्मिक यांना टळला नाही. प्रश्न एवढाच की, तो काळ कर्जाचे व्याज सुरू होण्यापूर्वी भोगावयाचा की सुरू झाल्यावर.

दुसरे असे की, सांगणे म्हणजे ओरडणे नव्हे. सायकल विकणाऱ्याने सायकल शिकविली, नांगर विकणाऱ्याने शेतकऱ्यास उपयोगी पडेल ते छापून त्याच्या घरी पाठविले. ज्यात ग्राहकाचे हित आहे असे सांगणे कधीही लवकर होत नाही.

आपल्या मंडळास माझी एक नम्र सूचना आहे. वार्षिक स्नेहसंमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आपण करतोच. त्याच मांडवात एक कोपरा अशा मुलामुलींसाठी राखून ठेवावा, ज्यांनी एखादी वस्तू नुकतीच बनविली आहे आणि अद्याप कर्ज काढलेले नाही. त्यांनी आपला नमुना तेथे मांडावा. आपण वडीलधाऱ्यांनी तो हाताळावा, चाखावा, दोष मोकळेपणाने सांगावेत आणि आवडल्यास दोन पैसे देऊन विकत घ्यावा. नुसती पाठ थोपटू नये, कारण कौतुकाने कोणाचाही हप्ता फिटत नाही. माझा तो विद्यार्थी यंदा पुन्हा नव्याने आरंभ करीत आहे. ह्या वेळी तो आठवडी बाजारात आधी मागणी नोंदवून घेतो आणि तेवढीच हळद दळतो. संमेलनात पहिले टेबल त्याला मिळावे आणि पहिली पुडी मला विकत घेता यावी, एवढीच माझी इच्छा आहे.

कै. लक्ष्मणरावांच्या पुण्यस्मृतीस वंदन करून हा लेख पुरा करतो.

एक सेवानिवृत्त शिक्षक, जि. वाशीम